इंग्रजीतली पाच मिनिटं

आमच्या घरात मुलीचं नाव बावीस वर्षं कुणी घेतलं नव्हतं. ते पुन्हा ऐकलं ते बसवकल्याणात, एका माडीवरच्या वाचनालयात, माझ्या बायकोच्या तोंडून, इंग्रजी बोलताना. मी तेव्हा मागच्या खुर्चीत पंख्याखाली बसलो होतो आणि मला त्या भाषेतलं निम्मंच कळत होतं. पण जे कळायचं ते कळलं.

मी सरकारी बसमध्ये कंडक्टर होतो. गाव माझं खजुरी, डेपो बसवकल्याण. उमरगा, आळंद, सोलापूर, गुलबर्गा (आता कलबुर्गी म्हणायचं, पण आमच्या तोंडात अजून जुनंच नाव बसलेलं आहे) असे मार्ग केले. ‘जरा मागं सरका’ हे मला चार भाषांत म्हणता यायचं. मराठी घरची, कानडी शाळेची, उर्दू बाजारातली आणि औरादकडच्या प्रवाशांसाठी जुजबी तेलुगू. इंग्रजी मात्र तिकिटाच्या मशीनवर होती तेवढीच.

बायको निंबर्ग्याची. दोन्हीकडे आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडलांपासून शेती. ती दहावी शिकली आणि पुढे अंगणवाडीत लागली. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली असताना वरून हुकूम आला की लेकरांना इंग्रजीसुद्धा शिकवायची. गाणी, रंग, प्राण्यांची नावं. ती घाबरली. एका पालकानं तिला तोंडावर सांगितलं होतं, “अक्का, तुमालाच येत न्हाई तर पोरास्नी काय शिकवताव?” ते तिला फार लागलं. म्हणून ती वाचनालयात जायला लागली.

वाचनालय म्हणजे एका बाईंच्या घराची माडी. बाई मूळच्या इथल्याच. गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगी बेंगळूरला. परत येऊन त्यांनी माडीची मधली भिंत पाडली, आपली सगळी पुस्तकं मांडली आणि गावाला सांगितलं, या. सगळे त्यांना म्याडम म्हणत. पुस्तकं सगळी इंग्रजी. पण नुसती पुस्तकं असती तर कोण आलं असतं? म्याडमनी तिथं काहीबाही सुरू केलं. मंगळवारी दुपारी बायकांचं विणकाम चाले. नमुने इंग्रजी पुस्तकातून वाचायचे, सुया हातात. शनिवारी लेकरांना गोष्ट. कोपऱ्यात अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळाचा पट होता, त्यावर निवृत्त लोक भांडत. आणि रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा इंग्रजी बोलण्याचं मंडळ.

मंडळाचे नियम म्याडमनी फळ्यावर लिहून ठेवले होते. डब्यातून चिठ्ठी काढायची, तिच्यावर विषय असेल, त्यावर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. त्या दीड तासात दुसरी भाषा तोंडातून निघाली तर शेवटी सगळ्यांचे चहाचे पेले विसळायचे. कुणाचं काय चुकलं ते म्याडम फळ्यावर लिहून समजावत. हसायचं नाही. पंधरा-सोळा माणसं जमत. मेडिकल दुकानवाले एक गृहस्थ, सरकारी दवाखान्यातली एक तरुण नर्स, दोन-तीन शिक्षक, बाकी येणारे-जाणारे.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. दर रविवारी बायकोला स्कूटरवरून सोडायचं आणि खाली चहाच्या गाड्याजवळ थांबायचं, असा माझा क्रम. मे महिन्यात ऊन इतकं तापलं की खाली उभं राहवेना. वर गेलो. म्याडमनी मागची खुर्ची दाखवली आणि कानडीत म्हणाल्या, “बसा. पण इथं बोलायचं तर इंग्रजीत.” मी मान हलवली. बोलायचं कुणाला होतं?

त्यानंतरचा तिसरा की चौथा रविवार असेल. बायकोनं डब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली, ‘एक प्रवास’. ती उभी राहिली. साडीचा पदर पुढं घेतला आणि चिठ्ठीकडं बघतच राहिली. मला वाटलं, हिला विषय कळला नाही. मग तिनं बोलायला सुरुवात केली, एकेक शब्द पुढं ठेवत, जसं ओढ्यातून जाताना पाय ठेवायला दगड शोधावा तसं.

ती म्हणाली, मी एक प्रवास केला बसमधून. बसवकल्याण ते सोलापूर. माझ्या मांडीवर माझी मुलगी होती. नऊ वर्षांची. आणि तिनं मुलीचं नाव घेतलं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. बायकोला चालणार नाही.

मुलीला चार दिवस ताप होता, ती म्हणाली. त्या सकाळी मी म्हणाले, आज जाऊ. मग तिनं ते वाक्य म्हटलं, आणि ते मला भाषांतर न करता कळलं. “माय हजबंड सेड, टुमारो.”

एवढंच. त्याच्यावर आवाज चढवला नाही, माझ्याकडं पाहिलं नाही. पुढं सांगत गेली, बसमध्ये गर्दी होती, एका म्हाताऱ्या बाईनं जागा दिली, उमरग्याला पाणी घेतलं. मुलीनं खिडकी मागितली. मग म्हणाली, आम्ही दोघी गेलो आणि मी तिच्याशिवाय परत आले. थँक यू.

सवयीनं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग एकेकाच्या लक्षात येऊन हात थांबले. नर्सनं वळून माझ्याकडं पाहिलं आणि लगेच मान फिरवली. म्याडमनी खडू हातात घेतला होता. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही.

ते खरंच तसं झालं होतं. त्या दिवशी माझी मुक्कामाची ड्यूटी होती. सकाळी गाडी काढायची, रात्री एका खेड्यात थांबायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. नंतर सुट्टी. मी पोरीच्या कपाळाला हात लावला, ताप होता, पण पोरांना ताप येतोच. “उद्या दुपारी मी येतो, मग मिळून जाऊ,” म्हणालो आणि डबा घेऊन निघालो. दुपारी ताप चढला तशी बायको धाकट्या मुलाला शेजारी ठेवून एकटीच पोरीला घेऊन सोलापूरला निघाली. त्या काळी आमच्याकडं मोबाईल नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आळंदच्या स्टँडवर कंट्रोलरनं मला खिडकीतून हाक मारली. मी सोलापूरला पोचलो तेव्हा पोरीच्या अंगावर चादर ओढलेली होती.

त्यानंतर घरात कुणी कुणाला काही म्हटलं नाही. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याच्या मागं लागून दिवस गेले. त्याला बहीण आठवत नाही. तो पुण्यात नोकरीला गेला आणि घर आणखी गप्प झालं. बायकोनं मला एकदा जरी म्हटलं असतं, ‘तुमच्यामुळं’, तर मी तिच्या पायाशी बसून रडलो असतो. ती म्हणाली नाही.

त्या रविवारी घरी आल्यावर तिनं भाकरीचं पीठ काढलं. मी चुलखोलीच्या दारात उभा राहिलो.

“तू तिथं ते कामून बोललीस?”

“चिठ्ठी तशी निघाली.”

“दुसरा प्रवास सांगायचा हुता.”

ती पीठ मळत राहिली. पिठाला पाण्याचा हात लावून म्हणाली, “मला बी म्हाईत नव्हतं मी तेच बोलणार म्हणून. मराठीत ते तोंडातनं निघत न्हाई. इंग्लिशमधी कसं, शब्द हुडकायचा, तो बसवायचा, पुढचा हुडकायचा. जीव त्यातच गुंतून जातोय. रडायला सवडच न्हाई मिळत.”

मी पुढच्या रविवारी म्याडमकडं गेलो आणि मंडळात माझं नाव लिहा म्हणालो.

माझ्या इंग्रजीचं काय सांगावं? पहिल्या दिवशी चिठ्ठीत ‘आवडतं फळ’ आलं. मी आंब्यावर तीन वाक्यं बोललो आणि उरलेली साडेचार मिनिटं नुसता उभा राहिलो. चौथ्या आठवड्यापर्यंत पेले मीच विसळत होतो. बायको घरी मला शिकवायची. अंगणवाडीतली चित्रांची पुस्तकं आणायची. काऊ, डॉग, बस. आम्ही दोघं इतक्या वर्षांत इतके जवळ कधी बसलो नव्हतो. मी रोज पाच वाक्यं लिहायचो, ती लाल पेननं दुरुस्त करायची. एक वही मात्र मी तिला दाखवत नव्हतो.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी म्याडमना विचारलं, आज चिठ्ठी न काढता बोललो तर चालेल का? त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडं पाहिलं आणि हो म्हणाल्या.

मी उभा राहिलो. भरगच्च गाडीत दिवसचे दिवस उभं राहिलेला माणूस मी, पण त्या पंधरा माणसांसमोर मला धरायला दांडी हवी होती. मी म्हणालो, मी हिचा नवरा. टुमारो मी म्हणालो. मी तिला ‘टेल्ड’ केलं. ताप लहान आहे असं मला वाटलं. त्या दिवशी दिवसभर मी तिकिटं फाडली, लोकांशी हसलो, रात्री चांगला जेवलो. मी जेवलो तेव्हा माझी मुलगी हॉस्पिटलमध्ये होती. मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हे खरं आहे, पण उत्तर नाही.

शेवटचं वाक्य मी पंधरा दिवस घोकलं होतं. ते म्हणून खाली बसलो.

बायको समोर बघत होती. घर जवळ आल्यावर स्कूटरवर मागून म्हणाली, “टेल्ड असा शब्द न्हाई. टोल्ड.”

“बरं,” मी म्हणालो.

त्यानंतर आमचं एक ठरूनच गेलं, न बोलता. दर रविवारी दोघांपैकी एकानं पोरीवर बोलायचं. ती बोलली तर मी ऐकायचो, पुढच्या वेळी मी. चिठ्ठीत काहीही निघो, बाजार, पाऊस, मैत्री, आम्ही तिथूनच पोरीकडं जायचो. दुधावरची साय बघून ती कशी तोंड फिरवायची. शाळेतून येताना लंगडायचं सोंग कशी करायची, उचलून घ्यावं म्हणून. मी एकदा तिला गाडीत बरोबर नेलं होतं, उमरग्याच्या फेरीला, तेव्हा ती सगळ्या प्रवाशांना सांगत सुटली होती की ही गाडी आमच्या अप्पांची आहे.

मला बायकोच्या कितीतरी गोष्टी तिथं कळल्या. पोरीचं दप्तर तिनं वर्षभर धान्याच्या पेटीत ठेवलं होतं आणि मग निंबर्ग्याला भावाच्या मुलीला देऊन टाकलं होतं. मी कधी विचारलंच नव्हतं दप्तर कुठं गेलं ते. तिलाही माझं एक कळलं. मी डेपोत हातापाया पडून सोलापूरचा मार्ग बदलून घेतला होता आणि निवृत्त होईपर्यंत त्या गाडीवर चढलो नव्हतो. तिला वाटायचं, मला जवळच्या फेऱ्या हव्यात म्हणून. ते ऐकल्यावर तिनं पहिल्यांदा भर मंडळात माझ्याकडं वळून पाहिलं.

सगळ्यांना ते आवडत होतं असं नाही. मेडिकलवाले एकदा वैतागून म्हणाले की आपण इथं भाषेचा सराव करायला येतो, दर रविवारी हे ऐकणं जड जातं. चुकीचं नव्हतं त्यांचं. म्याडम चष्मा पुसत होत्या. “दे आर प्रॅक्टिसिंग,” म्हणाल्या. पुढच्या रविवारी मेडिकलवाल्यांनी त्यांच्या आईबद्दल पाच मिनिटं सांगितलं आणि घाम पुसत बसले.

उन्हाळा लागायच्या आधीचा एक रविवार. बायकोनं बोलणं संपवलं, पण खाली बसली नाही. म्हणाली, पुढच्या वेळी मी हॉस्पिटलबद्दल बोलेन. त्या सकाळबद्दल. म्याडम म्हणाल्या, तयार असशील तेव्हा.

त्या सकाळबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. सोलापूरला पोचलो त्या दिवशी मी तिला एकच विचारलं होतं, “मला विचारली का पोरगी?” ती म्हणाली होती, “न्हाई.” त्यापुढं विचारायला मला तोंड नव्हतं. तो ‘न्हाई’ मी बावीस वर्षं उशाशी घेऊन झोपत होतो. जाताना पोरीला माझी आठवणही आली नाही. का यावी? मी तर निघून गेलो होतो.

तो पुढचा रविवार आला नाही. गुरुवारी म्याडम जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी बेंगळूरहून आली आणि त्यांना घेऊन गेली. दाराला कुलूप लागलं, त्यावर कागद, काही दिवस वाचनालय बंद. आम्ही तरी रविवारी दहा वाजता जाऊन तो कागद वाचून यायचो.

घरी करून पाहिलं. अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर टाकल्या. ती उभी राहिली, “इन द हॉस्पिटल,” म्हणाली, आणि शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. तिला हसू आलं. मलाही आलं. मग ती आत निघून गेली. पुन्हा एकदा बसलो, तेव्हा तर सुरुवातसुद्धा झाली नाही. घरात ती भाषा खोटी वाटायची, उसन्या कपड्यासारखी. म्याडमना फोन केला. आवाज अगदी बारीक झाला होता. त्यांनी तब्येतीचं थोडक्यात सांगितलं आणि विचारलं, तुम्ही दोघं बोलता ना? मी हो म्हणालो. खोटं बोललो.

श्रावणात त्यांच्या मुलीचा निरोप आला. आई आता परत येणार नाही, घर विकलं आहे, पुस्तकं गुलबर्ग्याकडच्या एका मुलींच्या शाळेला द्यायची ठरली आहेत. मंडळातल्यांनी येऊन खोकी भरून दिली तर बरं होईल. आम्ही दोघं, नर्स आणि मेडिकलवाले असे चौघे गेलो. औषधांची रिकामी खोकी मेडिकलवाल्यांनीच आणली होती. माडीवर धूळ बसली होती. फळ्यावर म्याडमच्या अक्षरात मागच्या कुठल्या तरी रविवारची दोन वाक्यं अजून होती, एक चुकीचं आणि एक बरोबर.

दुपारी ते दोघं टेम्पो आणायला गेले. आम्ही दोघंच राहिलो. मी खोक्याला चिकटपट्टी लावत होतो. बायको पुस्तकं पुसत होती. तिचा हात थांबला.

“शी वॉज थिंकिंग,” ती म्हणाली, “इट इज युवर बस.”

मी वर पाहिलं.

“कोण?”

ती पुढचा इंग्रजी शब्द शोधत राहिली. सापडेना. मग पुस्तक खाली ठेवून ती मराठीत बोलायला लागली, माझ्याकडं न बघता.

“सकाळी तिनं डोळे उघडले. वर पंखा घरघरत हुता, तिला वाटलं गाडीच चालू हाय. मला म्हणली, आई, तिकीट घिऊ नको, अप्पा हायेत की. मग तुमच्याशीच बोलायली. तुमी तिथं हुबा हाव असं. अप्पा, मला खिडकी द्या. अप्पा, घंटी मी वाजवू? हसायली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. मग हात वर करून दोरी ओढली. दोनदा.”

एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. दोन म्हणजे चला.

मी चिकटपट्टीचं रीळ खाली ठेवलं.

“मी चार दिवस जागले हुते,” ती म्हणाली. “मांडीवर घिऊन मी आणली. पदर भिजवून कपाळावर मी ठिवला. आन् पोरगी माझ्याकडं बघंना. तुमच्याशी बोलत, आनंदात गेली. मला राग आला. पोरीचा न्हाई, तुमचा. तुमी दुपारी आलाव आन् विचारलाव, मला विचारली का. तवा मी न्हाई म्हणलं. मुद्दाम म्हणलं. म्हणलं, एवढं तरी तुमाला न्हाई मिळायचं.”

“आन् नंतर?” मी विचारलं. “बावीस वर्षांत एकदा?”

“रोज म्हणायची, आज सांगावं. मग वाटायचं, इतके दिवस कामून न्हाई सांगितलं म्हणून इचारतील, त्याला काय सांगू. दिवस जातील तसं अवघडच झालं.”

खाली टेम्पोचा आवाज आला. ते दोघं वर आले. मी सगळी खोकी खाली नेली, एकेक करून, कुणाला हात लावू दिला नाही. शेवटचं खोकं चढवलं आणि बायकोला तिथंच सोडून स्कूटर काढून बस स्टँडवर गेलो. ती पायी घरी गेली, हे मला नंतर नर्सकडून कळलं.

स्टँडवर जुने लोक भेटले, चहा घ्या म्हणाले. मी फलाटासमोरच्या बाकावर बसून राहिलो. सोलापूरची गाडी लागली आणि निघून गेली. मला काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. पोरगी माझ्याशी बोलत गेली, हसत गेली, हे ऐकून ऊर भरून येत होता. आणि त्याच क्षणी वाटत होतं, हे एक वाक्य जर मला त्या दिवशी मिळालं असतं तर मी वेगळा माणूस झालो असतो. मुलाला जवळ घेतलं असतं. त्याच्या अंगाला ताप आला की मी घराबाहेर जाऊन उभा राहायचो. तसा राहिलो नसतो. बावीस वर्षं. ती माझ्या शेजारी झोपत होती आणि ते वाक्य तिच्याजवळ होतं.

दिवेलागणीला घरी गेलो. तिनं ताट वाढलं, मी जेवलो. आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिनं माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर मी काय म्हणालो असतो ते मला माहीत नाही. उद्या म्हणणारा मीच होतो. कुठल्या तोंडानं तिचा न्याय करणार होतो? तरी राग होता. तो खोटा म्हणणार नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती अंगण झाडत होती. मी विचारलं, “दोरी कोणत्या हातानं ओढली?”

ती झाडू धरून उभी राहिली.

“उजव्या. डाव्या हाताला सुई हुती.”

“आन् मग?”

“मग हात खाली आला. मी धरला.”

तिला रडू आलं. बावीस वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, पोरगी गेली त्या दिवशीसुद्धा नाही. इंग्रजीत रडायला सवड मिळत नाही असं ती म्हणाली होती, मराठीत ती मिळाली. मला तिच्याजवळ जायचं होतं, आणि मी गेलो नाही. पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं आणि उरलेलं अंगण झाडलं.

माडीवर आता कपड्यांचं दुकान आहे. म्याडम बेंगळूरला अंथरुणावर आहेत, मुलगी सांगते की त्या कधीकधी माणसं ओळखत नाहीत. पुस्तकं शाळेत पोचली, एवढं कळलं. नर्सची बदली झाली. बायको अंगणवाडीतून निवृत्त झाली. तिनं शिकवलेली गाणी गल्लीतली पोरं म्हणत जातात आणि त्यांचे उच्चार चांगले आहेत, असं म्हणतात.

आम्ही आता पोरीबद्दल घरात बोलतो, पण थोडं. महिन्यातून एखादवेळ. कुणीतरी एक वाक्य बोलतं आणि दुसरं उठून जातं. पाच मिनिटं आम्हाला कधी पुरली नाहीत, आणि आता पाच मिनिटंही जमत नाही. मुलगा दिवाळीला आला तेव्हा मी त्याला बहिणीबद्दल सांगायचं ठरवलं होतं. तो फोनवर होता. राहून गेलं.

परवा खजुरीहून भाच्यानं तुरीच्या ओल्या शेंगा पाठवल्या. आम्ही दोघं दारात सोलत बसलो होतो. तिनं मान वर न करता विचारलं, “तुमचा राग गेला का?”

“न्हाई,” मी म्हणालो.

“माझा बी न्हाई गेला.”

सूप माझ्याकडं होतं. मी ते मधोमध सरकवलं. शेंगा बऱ्याच होत्या.